पेशंट पडला होता की ठेवला होता?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचं दुखणं एकच आहे: इंग्रजी क्रियापदाचं दुसरं आणि तिसरं रूप. शाळेत आपण ज्यांना व्ही टू, व्ही थ्री म्हणत घोकायचो, ती. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये, ते पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला.

प्रश्न : आदरणीय बाई, मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. गेल्या महिन्यात नाइट ड्यूटीला पहाटे ३.४० वाजता राउंड घेताना एक पेशंट बेडच्या बाजूला जमिनीवर दिसले. डॉक्टरांना बोलावलं, सगळ्यांनी मिळून त्यांना उचललं. नशिबाने फ्रॅक्चर नव्हतं. इन्सिडंट रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘पेशंट वॉज लेड ऑन द फ्लोअर.’ दोन दिवसांनी मीटिंगमध्ये एका साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘हू लेड हिम देअर, सिस्टर?’ सगळे हसले. मला हसण्याचं कारणच कळेना. नंतर एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाले ‘ले’ पाहिजे होतं, माझी मैत्रीण म्हणाली ‘लाइड’, मोबाइलवर शोधलं तर ‘लेन’ पण निघालं. नक्की काय बरोबर? आणि मी चुकले कुठे?
— एक परिचारिका, घाटकोपर

उत्तर : सिस्टर, आधी त्या हसण्याबद्दल. रात्रभर वॉर्ड सांभाळून पहाटे पावणेचारला रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईला हसणं सोपं असतं. त्या हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे क्रियापद बिनचूक चालवता येतं, ते एकदा कागदावर लिहून घ्यायला हवं होतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेसुद्धा ‘आय ॲम गोइंग टू ले डाउन’ असं सर्रास बोलतात, आणि त्यांच्याकडचे मास्तर त्यावर आमच्यासारखेच लाल पेन चालवत बसतात.

तरीही साहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तुमच्या वाक्याचा मराठीत अर्थ होतो, ‘पेशंटला जमिनीवर ठेवलं होतं.’ ठेवलं म्हटलं की ठेवणारा आला. केसपेपरवर असं वाक्य म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध तक्रार.

आता गुंता सोडवू. इथे दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांचे कपडे एकमेकींत मिसळले आहेत. पहिलं ‘लाय’, म्हणजे आडवं होणं, पडून असणं. त्याची रूपं लाय–ले–लेन, आणि चालू क्रियेला लाइंग. दुसरं ‘ले’, म्हणजे ठेवणं, निजवणं, पसरणं. त्याची रूपं ले–लेड–लेड, चालू क्रियेला लेइंग. गोंधळाचं मूळ दिसलं ना? पहिलीचा भूतकाळ आणि दुसरीचा वर्तमानकाळ एकच आहे: ले. स्पेलिंगही तेच, एल-ए-वाय. त्यात आणखी एक तिसरी पाहुणी आहे, खोटं बोलणारी ‘लाय’, तिची रूपं सरळ: लाय–लाइड–लाइड. तेव्हा तुमच्या मैत्रिणीचं ‘पेशंट लाइड ऑन द फ्लोअर’ घेतलं असतं तर पेशंटने जमिनीवर पडल्या पडल्या थापा मारल्या, असा अर्थ निघाला असता.

शाळेत हे तक्त्यात शिकवतात आणि तक्ता परीक्षेनंतर आठ दिवसांत पुसला जातो. मी तुम्हाला तक्ता पाठ करायला सांगणार नाही, कारण ही जोडी तुमच्या घरातच आहे. पडणे आणि पाडणे. मरणे आणि मारणे. गळणे आणि गाळणे. एक गोष्ट आपोआप होते, दुसरी कोणीतरी करतं, आणि फरक फक्त एका स्वराचा. इंग्रजीतही जुन्या काळी नेमकं हेच चालायचं. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. फॉल म्हणजे पडणं, फेल म्हणजे पाडणं (झाड पाडण्यासाठी हा शब्द अजून वापरतात, फेल–फेल्ड). राइज आणि रेझ त्याच घरातले. ड्रिंक म्हणजे पिणं आणि ड्रेंच म्हणजे मुळात पाजणं, आज त्याचा अर्थ चिंब भिजवणं असा झाला आहे. लाय आणि ले ही अशीच पड–पाड जोडी. ‘पेशंट पडला’ आणि ‘पेशंटला पाडलं’ यांत तुमची चूक झोपेतसुद्धा होणार नाही. मग इंग्रजीत का व्हावी?

ओळखायची खूण आणखी सोपी आहे, आणि ती मराठी माणसालाच मिळालेली आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा, भूतकाळात, आणि कर्त्याच्या जागी ‘ती’ घाला. ‘ती आडवी झाली’, ‘ती पडून राहिली’, इथे ‘ती’ तशीच राहिली. मग ‘शी ले डाउन’. ‘तिने चादर पसरली’, ‘तिने बाळाला ठेवलं’, इथे तिला ‘ने’ लागला. मग ‘शी लेड द बेबी डाउन’. ने आला की लेड. ने नाही आला की ले. (‘ती खोटं बोलली’ यालाही ने लागत नाही, पण तिथे लाइड. खोटं बोलण्याचा हिशोब वेगळा ठेवा.) ‘मी’ घालून ही परीक्षा करू नका, कारण मराठीत मी ला ने दिसत नाही, ‘मी पडले’ आणि ‘मी ठेवलं’ दोन्हीकडे मी ची मीच.

आता तुम्ही चुकलात कुठे, हा तुमचा दुसरा प्रश्न. मला तो पहिल्यापेक्षा आवडला. माझा अंदाज सांगते. तुमच्या मनात मराठी वाक्य होतं ‘पेशंट जमिनीवर पडलेला होता’. पडलेला हे दिसायला तिसऱ्या रूपासारखं. होता म्हणजे वॉज. वॉज अधिक तिसरं रूप, झालं ‘वॉज लेड’. हिशोब बरोबर, पण इंग्रजीची रीत तिथे वेगळी आहे. माणूस बसलेला, उभा, झोपलेला, पडलेला, अशी अंगाची स्थिती सांगायची तर आपण ‘लेला’ लावतो, इंग्रजी ‘इंग’ लावते. ‘तो बसलाय’ म्हणजे ‘ही सॅट’ नव्हे, ‘ही इज सिटिंग’. ‘बाळ झोपलंय’ म्हणजे ‘द बेबी इज स्लीपिंग’. तसंच ‘पेशंट पडलेला होता’ म्हणजे ‘पेशंट वॉज लाइंग’. ले, लेड, लेन या तिघींपैकी तुम्हाला त्या रात्री एकीचीही गरज नव्हती.

तो रिपोर्ट असा लिहिता आला असता : ‘ॲट ३.४० ए.एम. पेशंट वॉज फाउंड लाइंग ऑन द फ्लोअर, ऑन हिज राइट साइड. डॉक्टर इन्फॉर्म्ड. वी लिफ्टेड हिम अँड लेड हिम ऑन द बेड.’ बघा, लेड आलाच, पण योग्य जागी. बेडवर तुम्हीच ठेवलंत त्यांना. तुम्हाला ‘ने’ लागतो. आणि ‘पेशंट फेल’ लिहू नका, हे तुमच्या इन्चार्ज सिस्टर सांगतातच. पडताना पाहिलं नसेल तर ‘फाउंड’ लिहायचं, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच. व्याकरणाचीही त्याला पूर्ण संमती आहे.

‘लेन’चं म्हणाल तर तिच्याकडे तुम्ही फारसं लक्ष देऊ नका. ‘ही हॅज लेन इन द सेम पोझिशन फॉर फोर अवर्स’ हे शुद्ध आहे, पण वॉर्डात कोणी बोलत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची राहून गेली असेल तर ‘ही हॅज बीन लाइंग ऑन हिज बॅक सिन्स टू ओ’क्लॉक’ असं लिहा. सरळ आहे, आणि पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये एका नजरेत कळतं.

तुम्ही आपली फजिती सांगितलीत तर मीही सांगते. १९८६ साली परळच्या शाळेत माझ्या वर्गावर तपासणीला एक साहेब आले होते. सहावीचा वर्ग, गोष्ट कोंबडीची. मी फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, ‘द हेन लेड ॲन एग अँड देन लेड डाउन.’ साहेब मागच्या बाकावर बसून बघत होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, ‘बाई, पहिल्यांदा अंडं घातलं. दुसऱ्यांदा काय घातलं?’ मी पाच वर्षं इंग्रजी शिकवत होते तोवर. त्या दिवशी खडूची पूड पदराला तशीच घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले आणि डिक्शनरी उघडली.

बोलताना तर ‘ले डाउन’ आणि ‘लेड डाउन’ कानाला जवळजवळ सारखंच लागतं, कारण पुढच्या ‘डाउन’चा ड मागच्या ड ला गिळतो. म्हणून बोलण्यात कोणी पकडत नाही. पकडतात ते कागदावर. तुमचं काम मात्र कागदावरचं आहे.

प्रश्न : बाई नमस्कार. मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. म्युझियमच्या स्टॉपवर एका परदेशी बाईंनी बसबद्दल विचारलं, मी म्हणालो ‘बस डिडन्ट केम’. त्यांना समजलं. पण घरी हा किस्सा सांगितला तर चौथीतली माझी मुलगी म्हणते, ‘पप्पा, डिडन्ट कम!’ ती सेमी-इंग्लिशला आहे. बस आलीच नव्हती, म्हणजे झालेली गोष्ट. मग ‘कम’ कसं? ‘केम’च पाहिजे ना?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, मुलगी बरोबर आहे, पण तुमचा मुद्दाही खोटा नाही. मराठीत ‘बस आली’ आणि ‘बस आली नाही’ या दोन्हींत ‘आली’ जसंच्या तसं राहतं. नाही लावलं म्हणून क्रियापदाचा भूतकाळ जात नाही. प्रश्न विचारला तरी तेच, ‘बस आली का?’ तुम्ही इंग्रजीत तेच केलंत. निम्मी मुंबई तेच करते.

इंग्रजीत नकार आणि प्रश्न आला की ‘डिड’ पुढे येतो, आणि भूतकाळ त्याच्याकडे जातो. तुमच्याच भाषेत सांगते. भूतकाळ हे त्या वाक्याचं तिकीट. पूर्वी तुमच्याकडे पत्र्याची पेटी आणि पंच असायचा तेव्हाचं आठवा. एका माणसाचं तिकीट एकदाच पंच व्हायचं. ‘डिड’ला पंच केलं की मागे उभ्या असलेल्या ‘कम’ला पुन्हा पंच करायचं नाही. म्हणून डिडन्ट कम, डिड यू ईट, डिडन्ट सी, डिड ही गो. डिड नसेल, साधं वाक्य असेल, तर क्रियापदाने आपलं तिकीट आपण काढायचं: द बस केम, आय एट, ही वेंट.

मराठीत असं काही नाही असं समजू नका. ‘मी रविवारी कामावर जात नव्हतो’ हे वाक्य बघा. भूतकाळ ‘नव्हतो’ने घेतला, ‘जात’ कोरडाच राहिला. तुम्ही ‘गेलो’ तिथे घुसवायला जाणार नाही.

दोन जागा लक्षात ठेवा. वॉज आणि वेअर यांना डिड लागत नाही, ते आपलं आपण सांभाळतात: ‘द बस वॉजन्ट फुल’. आणि ‘कोण आलं?’ याला ‘हू केम?’ एवढंच, डिड नाही. मात्र एखादा प्रवासी हट्टाने म्हणाला की तुम्ही घंटी मारलीच नाही, तर ‘आय डिड रिंग द बेल!’ असं जोरात म्हणता येतं. आपल्या ‘मारली की!’ मधला तो ‘की’, तोच हा डिड. तिथेही ‘रिंग’च, ‘रँग’ नाही, तिकीट एकच.

आणि मुलीला सांगा, बाईंनी शाबासकी दिली आहे. परदेशी बाईंना समजलं होतं, हेही तिला सांगा.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आमच्या पुस्तकाच्या मागे तीन रकान्यांचा मोठा तक्ता आहे. पाठ होत नाही. इंग्रजांनी सगळ्यांना सरळ ‘एड’ का लावलं नाही? मराठीत असं नसतं.
— एक विद्यार्थी, सायन

उत्तर : नसतं? बरं. बस–बसला, हस–हसला, पड–पडला. हा तुझा सरळ नियम. आता याच नियमाने कर, जा, ये, घे, मर, हो, खा, सांग यांचा भूतकाळ मला करून दाखव. करला, जाला, येला, घेला, मरला, होला, खाला, सांगला. हसलास ना? माझी नात तीन वर्षांची असताना ‘आजी, मी करलं’ असंच म्हणायची. तिकडची पोरं त्याच वयात ‘गोड’ म्हणतात, म्हणजे गो ला एड. नियम पोराला कळलेला असतो, अपवाद अजून कानावरून पुरेसे गेलेले नसतात.

तुला केला, गेला, आला, घेतला, मेला, झाला, खाल्ला, सांगितला हे कोणी तक्त्यात शिकवलं? तक्ता नसताना आले, कारण दिवसातून शंभर वेळा कानावर पडतात. भाषेत जी क्रियापदं सगळ्यांत जास्त वापरली जातात तीच सगळ्यांत वाकडी असतात. इंग्रजीतली बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, सी, टेक, नो ही घे, एकही सरळ नाही. वापर इतका की कोणाला ती दुरुस्त करायला सवड मिळाली नाही. जी क्रियापदं कमी वापरली गेली ती हळूहळू ‘एड’च्या रांगेत गेली. हेल्पचा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, आज हेल्प्ड. कधी उलटंही होतं. डिगचा भूतकाळ आज आपण ‘डग’ शिकवतो, पण १६११ सालच्या इंग्रजी बायबलात विहिरी खणल्या आहेत त्या ‘डिग्ड’. आज परीक्षेत लिहिलंस तर मार्क जाईल.

सगळ्यांत मजेचं उदाहरण ‘गो’चं. ‘वेंट’ हा गो चा भूतकाळच नाही मुळात. ‘वेंड’ नावाचं दुसरं क्रियापद होतं, वाट धरणं या अर्थाचं. सेंड–सेंट, बेंड–बेंट तसं वेंड–वेंट. गो चा जुना भूतकाळ मागे पडला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर हा येऊन बसला. वेडेपणा वाटतो? मग मराठीतलं ‘जा’ बघ. जा आला संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आणि गेला आला ‘गत’पासून, म्हणजे ‘गम्’ धातूपासून. दोन वेगळ्या घरांतली माणसं एका खोलीत राहतात, आणि आपल्याला तो एकच कुटुंबाचा संसार वाटतो. इंग्रजांनीही तेच केलं.

आणि एक गंमत. आपण नवा शब्द घेतो तेव्हा ‘कर’ला टेकवतो: गूगल केलं, फॉरवर्ड केलं, ब्लॉक केलं. म्हणजे अगदी नव्या कामालाही आपण तेच वाकडं ‘केलं’ वापरतो. इंग्रजी या बाबतीत शहाणी, नव्या क्रियापदाला मुकाट्याने एड लावते: गूगल्ड, ब्लॉक्ड.

तेव्हा तक्ता सकाळ-संध्याकाळ घोकू नकोस. रोज पाच क्रियापदं घे आणि प्रत्येकाची दोन वाक्यं तोंडाने, मोठ्याने, स्वतःच्या दिवसाबद्दल बोल. एक वाक्य ‘काल’ने सुरू कर, तिथे दुसरा रकाना: ‘यस्टरडे आय ब्रोक माय स्केल.’ एकात ‘हॅव’ घाल, तिथे तिसरा: ‘आय हॅव ब्रोकन थ्री स्केल्स धिस इयर.’ दुसरा रकाना एकटा हिंडतो, तिसऱ्याला सोबत लागते. ‘आय ब्रोकन’ म्हणजे तिसरा एकटाच घराबाहेर पडला. त्याच्यासोबत कोणीतरी पाठव.

तुझ्या सायनपासून माझी जुनी शाळा लांब नाही, म्हणून हे आठवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. माझ्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांचे वडील घरी बसले होते. त्या पावसाळ्यात ‘माय फॅमिली’ या निबंधात एका मुलाने लिहिलं, ‘माय फादर स्ट्राइक्ड सिन्स जानेवारी.’ मी लाल शाईने स्ट्राइक्ड खोडून वर ‘स्ट्रक’ लिहिलं. तेही चूकच होतं. सिन्स आलं की हॅज बीन लागतं: ‘माय फादर हॅज बीन ऑन स्ट्राइक सिन्स जानेवारी.’ मी तेव्हा दुसऱ्याच वर्षात होते नोकरीच्या. स्ट्राइकचं तिसरं रूपही स्ट्रकच. ‘स्ट्रिकन’ हे जुनं रूप आता ‘पॉव्हर्टी-स्ट्रिकन’सारख्या ठरावीक शब्दांत उरलं आहे. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. कुटुंब गावी गेलं असं वर्गातल्या मुलांनी सांगितलं.

प्रश्न : फोन हँग झाला याला ‘माय फोन हँग्ड’ की ‘माय फोन हंग’? ऑफिसच्या आयटीवाल्याला मेल करायचा असतो.
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : हंग. ‘हँग्ड’ फक्त माणसाच्या फाशीला. शाळेत मी हे एकाच भिंतीवर शिकवायचे. वर्गात राजगुरूंचा फोटो होता, तो भिंतीवर ‘हंग’. राजगुरूंना भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत २३ मार्च १९३१ ला लाहोरला फाशी दिली, ते ‘हँग्ड’. एकदा सांगितलं की मुलं विसरायची नाहीत. आयटीवाल्याला तुमच्या फोनची फाशी कळवायची नसेल तर ‘हंग’ लिहा, किंवा सरळ ‘फ्रोझ’ लिहा. फ्रीझ–फ्रोझ–फ्रोझन.

प्रश्न : आमच्या वरिष्ठ बाई माझ्या प्रत्येक मेलमधला ‘हॅड’ खोडतात. ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू ठाणे ब्रँच’ यात चूक काय आहे? तसंच फोनवर ‘सर हॅज गॉन’ आणि ‘सर हॅज बीन’ यात फरक काय?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुमच्या वरिष्ठ बाईंना माझा नमस्कार सांगा. मराठीत ‘काल मी ठाण्याला गेलो होतो’ हे अगदी नैसर्गिक आहे. गेलो आणि परत आलो, विषय संपला, एवढंच त्या ‘होतो’मध्ये असतं. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र एकटा येत नाही. त्याला त्याच्यानंतर घडलेली आणखी एक गोष्ट लागते. ‘व्हेन आय रीच्ड दादर, द लास्ट लोकल हॅड लेफ्ट.’ आधी गाडी गेली, मग मी पोहोचलो. दुसरी गोष्ट नसेल तर साधं ‘आय वेंट टू ठाणे ब्रँच यस्टरडे’. त्या दिवशीच्या ठाण्याच्या फेरीनंतर काही घडलं असेल, त्याआधीचं सांगायचं असेल, तरच हॅड.

‘हॅज गॉन’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन आलाय. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना दोन स्वतंत्र शब्द आहेतच, तेवढी जोडी मनात धरा. साहेब पुण्याला गेलेत, गुरुवारी येतील: ‘सर हॅज गॉन टू पुणे’. साहेब दोनदा पुण्याला जाऊन आलेत, त्यांना रस्ता माहीत आहे: ‘सर हॅज बीन टू पुणे ट्वाइस’.

फक्त कुठे गेलेत ते सांगायला विसरू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाने फोनवर ऑफिसच्या माणसाला ‘साहेब गेले’ एवढंच सांगितलं होतं. पलीकडून अर्धा मिनिट आवाज नाही, मग विचारणा झाली, ‘कधी? किती वाजता काढणार?’ साहेब खाली वाण्याकडे दूध आणायला गेले होते.